‘अजून दोन’ की ‘दीडपट’: गुणाकारी विचारावरच्या कामाच्या नोंदी

दुसरी ते पाचवीच्या मुलांचा एक छोटा गट घेऊन हे काम चाललंय. पाढे पाठ करून घेणं हा हेतू नाही, ते बहुतेकांचे पाठ आहेतच. बघायचं हे आहे की मूल बेरजेने विचार करता करता पटीत विचार करायला कधी लागतं आणि कशाने लागतं. घरी किंवा वर्गात ज्यांना हेच करून बघायचंय त्यांच्यासाठी नोंदी ठेवतेय, म्हणून जे फसलं ते सविस्तर आहे आणि जे सरळ झालं ते एका ओळीत उरकलंय.

१० जून. चाचपणी

एकेकाला वेगळं बसवून विचारलं. पुठ्ठ्याचे तीन मासे कापले, ५, १० आणि १५ सेंमी लांबीचे. मधला मासा लहानाच्या दुप्पट खातो, मोठा तिप्पट खातो, एवढं सांगायचं आणि समोर मणी ठेवायचे. लहानाला १ मणी दिला तर बाकीच्यांना किती? सगळ्यांनी बरोबर दिले. हा प्रश्न फुकट गेला कारण १, २, ३ हे उत्तर एकेक वाढवत गेलं तरी येतं आणि पटीने केलं तरी येतं, त्यातून काहीच कळत नाही. खरी गंमत लहानाला ४ दिल्यावर. काहींनी ४, ५, ६ दिले, म्हणजे मोठा मासा आहे ना मग एक जास्त. काहींनी ४, ६, ७ दिले, म्हणजे ‘दुप्पट’ ऐकून २ मिळवले आणि ‘तिप्पट’ ऐकून ३. न अडखळता ४, ८, १२ देणारे थोडेच, आणि ते सगळे वरच्या वर्गातलेच होते असंही नाही.

हा माशांचा प्रयोग माझा नाही. क्लार्क आणि कामी या संशोधकांनी १९९६ मध्ये पहिली ते पाचवीच्या ३३६ मुलांच्या मुलाखती अशाच घेतल्या होत्या. त्यांना दुसरीतल्या ४५ टक्के मुलांमध्ये पटीच्या विचाराची काहीतरी खूण दिसली, पण पाचवीत पक्का विचार करणारी मुलं जेमतेम निम्मी निघाली. मला यातून धीर आला. सुरुवात लवकर होते आणि पुढचं फार हळू चालतं, त्यामुळे चार आठवड्यांत कोणी बदलेल अशी आशा ठेवून बसू नका.

दुसरा प्रश्न डब्यांचा. एका डबीत ८ मणी, अशा ७ डब्या, एकूण किती? चौथीतली एक मुलगी पट्कन म्हणाली, सात आठे छप्पन. मी अजून एक डबी ठेवली, आता किती? म्हणाली सत्तावन्न. तिला पाढा सोळापर्यंत येतो. डबी एक वाढली म्हणून तिने एक वाढवला, त्या एका डबीत आठ आहेत हे छप्पन म्हणताना तिच्या डोक्यात नव्हतंच. ही मुलगी आणि हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढचं सगळं काम या सत्तावन्नवर आहे.

करणाऱ्यांसाठी: मुलं बाहेर पडून एकमेकांना उत्तरं सांगतात, ‘सगळं दुप्पट सांग’ असा सल्लाही कानावर आला. आकडे बदलते ठेवा. आणि एका मुलाला वीसेक मिनिटं लागतातच, घाई केली तर फक्त उत्तर मिळतं, ते कसं आलं ते कळत नाही.

१३ जून. डब्या

झाकणाच्या छोट्या डब्या आणल्या, प्रत्येकीत ४ मणी. आधी पारदर्शक डब्या होत्या आणि त्या साफ फसल्या. मणी दिसतायत म्हटल्यावर मुलं एक, दोन, तीन, चार, पाच करत बोटाने मोजत जातात, बरोबर उत्तर येतं आणि गटाचा विचार करायची वेळच येत नाही. मग सगळ्या डब्यांना बाहेरून कागद चिकटवला. आता दुसरीतली मुलं एकदम गप्प, कारण आत काय आहे ते धरून ठेवायला काही आधारच उरला नाही.

जमलं ते मधलं: एक डबी उघडी, बाकी बंद. उघडीकडे बघून ‘हिच्यात चार, म्हणजे हिच्यातही चार’ असं मनात धरता येतं. त्यात कागद चिकटवण्यात अख्खी दुपार गेली आणि झाकणं सारखी निघत होती, म्हणून पारदर्शक डब्या घेऊच नका.

१७ जून. बोटांकडे बघा

आज शिकवलं काही नाही, फक्त बघितलं. ६ डब्यांत एकूण किती असं विचारून कोण काय पुटपुटतं आणि बोटं कशी चालतात ते लिहून काढलं. एक मुलगा एक दोन तीन *चार*, पाच सहा सात *आठ* असं म्हणतो, दर चौथ्या आकड्यावर जोर. म्हणजे अजून एकेकच मोजतोय पण गटाचा ठेका आलाय. दुसरी ४, ८, १२ अशा उड्या मारते पण कुठे थांबायचं ते तिला कळत नाही, २८ पर्यंत गेली, कारण किती डब्या झाल्या त्याचा हिशोब कोणी ठेवतच नव्हतं. तिसरीतली एक मात्र तोंडाने ४, ८, १२ म्हणते आणि प्रत्येक आकड्याला एक बोट उघडते. तोंड मणी मोजतंय आणि बोटं डब्या मोजतायत, दोन्ही एकाच वेळी. सहावं बोट उघडलं की ती थांबते.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. चार मण्यांची डबी एकाच वेळी ‘चार’ पण आहे आणि ‘एक’ पण आहे. वारंवार बेरीज म्हणजे गुणाकार असं शिकवतात आणि त्यावर बरेच लोक तुटून पडतात, पण मला ती बेरीज शत्रू वाटत नाही, ती पायरी आहे. फक्त ४+४+४+४+४+४ लिहिणाऱ्या मुलाने ते सहा ‘चार’ कधीतरी मोजायला हवेत. तो मोजत नसेल तर त्याच्यासाठी ती एक लांबलचक बेरीज आहे, बास.

उलटा प्रश्न यासाठी जास्त कामाचा: २४ मणी आहेत, किती डब्या भरतील? इथे दोन्ही हिशोब ठेवल्याशिवाय सुटकाच नाही.

१९ जून. दोन हात

उड्या मारून पुढे निघून जाणाऱ्यांसाठी एक साधी गोष्ट चालली. डाव्या हाताने एक रिकामी डबी पुढे सरकवायची आणि त्याच वेळी उजव्या हाताने चार मणी. एकाला चार, एकाला चार. टेबलावर दोन रांगा तयार होतात, वर डब्या आणि खाली मण्यांचे चौकडे. पार्क आणि नुनेस यांनी २००१ मध्ये दाखवलं होतं की सहा-सात वर्षांच्या मुलांना अशी ‘एकाला इतके’ जोडी लावून शिकवलं तर ती नुसत्या वारंवार बेरजेपेक्षा पुढे जातात. दुसरीतल्या दोघांना लगेच उपयोग झाला. चौथीतल्या मुलांना हे बाळबोध वाटलं, त्यांनी मण्यांच्या लढाया सुरू केल्या, तर त्यांच्यावर लादू नका.

२३ जून. ठिपक्यांच्या पाट्या

६ ओळी आणि प्रत्येक ओळीत ७ ठिपके, अशा छापील शीट्स. वाटलं होतं की रांगा डोळ्यांसमोर आहेत म्हणजे गुणाकार आपोआप दिसेल. नाही दिसत! बरीच मुलं कडेकडेने गोल फिरत आत जात मोजतात आणि मध्ये कुठेतरी हरवतात. रिकामा आयत देऊन ‘यात चौकोन काढून भर’ म्हटलं तर त्याहून वाईट, चौकोन वेगवेगळ्या मापाचे, ओळी खाली घसरलेल्या, कोपऱ्यातला चौकोन दोनदा मोजलेला. आपल्याला जी ओळ आणि जो स्तंभ दिसतो तो कागदावर नसतो, तो आपण डोक्याने घातलेला असतो, आणि मुलाला तो अजून घालता येत नाही. बाटिस्टा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दुसरीच्या मुलांबाबत नेमकं हेच लिहून ठेवलंय.

उपाय एका पुठ्ठ्याने झाला. शीटवर पुठ्ठा असा ठेवायचा की फक्त वरची ओळ आणि डावीकडचा स्तंभ दिसेल, बाकी सगळं झाकलेलं. आता एकेक मोजणं बंद. ‘वर सात आहेत, खाली अशा किती ओळी?’ हे त्यांना स्वतःहून विचारावं लागलं. मग पुठ्ठा काढून पडताळा. हे पाचवीपर्यंतच्या सगळ्यांना पुरलं.

पाटी आडवी फिरवून ‘आता किती?’ विचारलं तेव्हा अर्ध्या मुलांनी परत मोजायला घेतलं. यात काही वावगं नाही, मोजू द्या. घडी घालायचा प्रकार मात्र हिट झाला: ८ च्या ७ ओळी, पाचव्या ओळीखाली घडी, वर पाच आठे चाळीस, खाली दोन आठे सोळा. सत्तावन्नवाल्या मुलीने इथे स्वतःहून खाली एक ओळ पेनने काढली आणि म्हणाली, “ताई, एक ओळ वाढली की आठ वाढतात ना.” हो म्हटलं आणि गप्प बसले. जास्त बोललं की बिघडतं.

२ जुलै. कोडं मोठं करणं, पहिला दिवस

आतापर्यंतच्या सगळ्यात बेरीज करूनही निभावतं. आता अशी गोष्ट हवी होती जिथे बेरीज केली की डोळ्यांसमोर काहीतरी मोडेल. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या शाळेत गणित-शिक्षणाचे अभ्यासक गी ब्रूसो यांनी वापरलेला एक प्रसिद्ध खेळ आहे: तुकड्यांचं कोडं द्यायचं, ४ सेंमीची बाजू मोठ्या कोड्यात ७ सेंमी झाली पाहिजे एवढंच सांगायचं, आणि प्रत्येकाने एकेक तुकडा मोठा करून आणायचा.

४ चे ७ घेऊन बघितलं आणि आमच्या गटात ते चाललं नाही. २ चे साडेतीन इथपर्यंत ठीक, पण पुढे एका सेंमीचे १.७५ आले आणि सगळी चर्चा दशांश चिन्ह कुठे द्यायचं यात गेली. मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. मोठ्या मुलांना जमत असेल. इथे दुपार गेली आणि बराच पुठ्ठा गेला.

४ जुलै. ४ चे ६

नवीन कोडं आखलं. माप देते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. १२ सेंमीचा चौरस, तीन पट्ट्या, प्रत्येक पट्टी ४ सेंमी उंच. वरच्या पट्टीचे तीन तुकडे: २, ६ आणि ४ रुंद. मधल्या पट्टीचे दोन: ८ आणि ४. खालची अख्खी १२. एकूण सहा तुकडे, सहा मुलं. नियम: जे ४ आहे ते ६ झालं पाहिजे.

४ चे ८ का नाही घेतले? कारण दुप्पट मुलांना सहज सुचते, काही मोडतच नाही. ४ चे ६ म्हटलं की जवळपास सगळे मनात म्हणतात ‘दोन वाढवायचे’.

तसंच झालं. सहाच्या सहा जणांनी २ मिळवले. उंची सगळ्यांची ६ आली, ती बरोबरच होती, त्यामुळे सगळे खूश. मग जुळवायला बसले. वरची पट्टी ४+८+६ म्हणजे १८. मधली १०+६ म्हणजे १६. खालची १४. चौरसाऐवजी जिना तयार झाला.

पहिला संशय कात्रीवर. “तू वाकडं कापलंस.” परत मोजलं, परत कापलं, परत तोच जिना. दुसरा उपाय, वरचं जास्तीचं कापून टाका. मी काहीच बोलले नाही, बोलायची खूप इच्छा होत होती तरी. मग पाचवीतला एक, जो एरवी खिडकीबाहेर बघत असतो, तो म्हणाला की वरच्या पट्टीत तीन तुकडे आहेत म्हणून सहा वाढले, मधलीत दोन म्हणून चार, खालचीत एक म्हणून दोन. जितके तुकडे तितके दोन. हे ऐकून मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, कारण बेरजेचा दोष याहून नेमका मला सांगता आला नसता. पट्टी कापली म्हणून तिची लांबी बदलायला नको, पण दोन मिळवायच्या नियमात बदलते.

तिथेच वेळ संपली. कोणालाच उत्तर मिळालं नव्हतं आणि एक मुलगी चिडून गेली. तशीच जाऊ दिली.

५ जुलै. तुकडे बसले

चिडलेली मुलगीच उत्तर घेऊन आली. दोन २ मिळून एक ४ होतो, ४ चे ६ होतात, म्हणजे एका २ चे ३ झाले पाहिजेत. एकदा २ चे ३ मिळाले की बाकीचं धडाधड: ६ म्हणजे ४ आणि २, म्हणून ६ आणि ३ नऊ. ८ चे १२. १२ चे १८. कापलं, जुळवलं, बसलं. आरडाओरडा इतका की शेजारून विचारायला आले.

लक्षात घ्या की ‘दीडपट’ हा शब्द अजून कोणीही उच्चारलेला नाही. ते एका लांबीतून दुसरी लांबी बांधत जातायत, दोन चार मिळून आठ म्हणून दोन सहा मिळून बारा. फ्रेंच संशोधक व्हर्नो यांनी हे दोन रस्ते वेगळे दाखवलेत: जुन्या मापांमध्येच आपापसात पट बघायची आणि तीच नव्या मापांत न्यायची, किंवा जुन्या मापावरून थेट नव्या मापावर जायचं. मुलं पहिल्या रस्त्याने जातात आणि तो रस्ता अगदी चांगला आहे. मोठ्या माणसांना घाई असते की सूत्र सांगून टाकावं.

दुसरा रस्ता हवा असेल तर ५ सेंमीचा एक जास्तीचा तुकडा द्या. ५ हे २ आणि ४ मधून सरळ बनत नाही. इथे १ चे दीड असं शोधावं लागलं, आणि मग कोणीतरी म्हणालं “म्हणजे सगळ्यांचं दीडपटच करतोय आपण.” ‘आपण’ म्हणाला, तेही बरं वाटलं. तिसरीतली मुलं इथपर्यंत आली नाहीत, ती ९ पर्यंत बांधून थांबली.

१० जुलै. आता सगळीकडे पट

अपेक्षित अडचण, तरी हसू आलं. गणित असं: दोघी गोल मैदानावर सारख्याच वेगाने धावतायत. एक आधी निघाली. तिच्या ९ फेऱ्या झाल्या तेव्हा दुसरीच्या ३ झाल्या होत्या. दुसरीच्या १५ होतील तेव्हा पहिलीच्या किती? कोडं ज्यांनी सोडवलं तेच सगळ्यात आधी ४५ म्हणाले. उत्तर २१ आहे, वेग सारखा म्हणजे सहाचा फरक कायम राहणार. मुलांना हसू नका, १९९३ मध्ये क्रेमर आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न ३३ भावी शिक्षकांना दिला होता आणि त्यातल्या ३२ जणांनी ४५ काढले होते.

कागदावर समजावून उपयोग झाला नाही. एका लांब पट्टीवर दोन सोंगट्या ठेवल्या, एक ९ वर, एक ३ वर, आणि दोन्ही एकत्र एकेक घर सरकवल्या. तीन-चार घरांनंतरच “अरे, अंतर तेवढंच राहतंय” असं आलं.

त्यानंतर एक काम रोज ठेवलंय आणि मला वाटतं ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी आहे. चिठ्ठ्यांवर गणितं, सोडवायची नाहीत, फक्त दोन ढिगात टाकायची: फरक टिकतो तो ढीग आणि पट टिकते तो ढीग. बहिणीभावाचं वय, सारख्या वेगाने चालणं, रंगात पाणी मिसळणं, दोरीचे तुकडे, सरबताचे पेले. वाद होतात. वयाच्या चिठ्ठीवर सगळ्यात जास्त झाला, कारण भाऊ २ वर्षांचा आणि बहीण ४ ची असताना ती दुप्पट असतेच की. तो १० चा झाला की? तिथे ढीग बदलला.

१६ जुलै. गुणलं की वाढतं?

थोडक्यात. ८ ची अर्धी पट किती, याला चौथीतले ‘पट म्हणजे जास्तच’ म्हणून अडले. फिशबाइन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हाच अडथळा दाखवला होता: गुणाकाराचं चित्र मनात वारंवार बेरजेचंच असलं की गुणणारी संख्या पूर्ण असायला हवी आणि उत्तर मोठं यायला हवं असं वाटत राहतं. कोड्याचा उलटा खेळ दिला, मोठ्यावरून लहान करा, ६ चे ४. एकाने २ वजा केले, परत जिना, पण या वेळी तोच आपणहून थांबला. बाकी काही पुढे सरकलं नाही, अपूर्णांक आधी नीट व्हायला हवेत, त्यामुळे हे बंद ठेवलंय.

२१ जुलै. मासे परत

आकडे बदलून परत एकेकाला विचारलं. ४, ६, ७ देणारे जवळजवळ सगळे आता दुप्पट-तिप्पट देतात, काही लगेच, काही आधी बेरीज करून मग खोडतात. ४, ५, ६ देणाऱ्या दुसरीतल्या मुलांमध्ये फारसा फरक नाही, आणि त्याची मला काळजीही वाटत नाही. सत्तावन्नवाली डब्यांचं बरोबर सांगते, पण मोठ्या माशाला ९ दिले तर लहानाला किती, हे उलटं विचारलं की अजून गडबडते.

२५ जुलै. जोड्यांचं गणित

३ टोप्या आणि ४ सदरे, किती वेगवेगळे पोशाख? कोणालाच यात गुणाकार दिसला नाही. बहुतेकांनी ७ सांगितले. दोघांनी तीन पोशाख करून चौथा सदरा टोपीशिवाय ठेवला. पुठ्ठ्याच्या टोप्या आणि सदरे देऊन जुळवायला लावले तर एकदा वापरलेली टोपी परत घ्यायला ते तयार नव्हते, ‘ती तर झाली’. मूर्त वस्तूच इथे आड आली. म्हणून वस्तू काढून घेतल्या, टोप्या वर आणि सदरे डावीकडे लिहून तक्ता भरायला दिला. तेव्हा तिसरीतली बोटंवाली म्हणाली की ही तर ठिपक्यांची पाटी आहे. बाकीच्यांना अजून पटलेलं नाही. पुढच्या वेळी ठिपके झाकायचा पुठ्ठा याच तक्त्यावर ठेवून बघणार आहे, आणि कोड्याच्या तुकड्यांच्या मागे मापं लिहून ठेवा, नाहीतर दोन संच मिसळले की निवडायला एक तास जातो.